सूर एकत्र, पंगत वेगळी

मागे एका दिवाळीला माझा भाचा सुट्टीवर घरी आला होता. तो अमेरिकेत अलाबामा राज्यातील हंट्सव्हिल येथे नोकरीस आहे. खानापूरहून बेळगावला येताना त्याने मोटारीत एक गाणे लावले. गिटारीचा ठेका असा की, माझ्यासारख्या नाट्यगीतांवर पोसलेल्या माणसाचे बोटही गुडघ्यावर वाजू लागले. भाचा म्हणाला, "मामा, आमच्या अलाबामात हे गाणं राष्ट्रगीतासारखं वाजतं. फुटबॉलचा सामना असो की लग्नाची वरात, ह्याच्यावाचून चालत नाही. सरकारनं २००९ साली मोटारींच्या नंबरप्लेटवरसुद्धा त्याचं नाव छापलं."

मी सहज म्हणालो, "म्हणजे कुणा अलाबामाच्या भूमिपुत्रानं लिहिलं असणार."

तो हसला. "नाही मामा. लिहिणारे तिघे. दोघे फ्लोरिडाचे, एक कॅलिफोर्नियाचा. अलाबामाचा एकही नाही."

तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाला एवढे पुरे असते. मातीच्या अभिमानाचे गाणे आणि ते लिहिणारे परराज्यातले, हे कसे? त्या गाण्यामागची माणसे, गावे आणि वर्षे शोधता शोधता मी बराच आत शिरलो. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो. ह्या संगीताला 'सदर्न रॉक' म्हणतात. म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील गोऱ्या तरुणांनी कृष्णवर्णीयांचे ब्लूज, खेड्यांतले कंट्री संगीत आणि चर्चमधली भजने ह्यांच्या मिश्रणातून १९७०च्या आसपास उभे केलेले संगीत. त्याची कीर्ती महानगरांत झाली, पण जन्म झाला तो लहान गावांत.

नदीकाठची चार गावे

अलाबामाच्या वायव्य कोपऱ्यात टेनेसी नदीच्या दोन्ही काठांवर फ्लॉरेन्स, शेफील्ड, टस्कंबिया आणि मसल शोल्स अशी चार गावे एकमेकांना लागून वसली आहेत. शेफील्डची वस्ती नऊ-दहा हजारांची, म्हणजे आपल्याकडील एखाद्या बाजारपेठेच्या गावाएवढी. ह्यांतील टस्कंबियाचे नाव आपल्या शालेय पुस्तकांतून गेलेले आहे, कारण हेलन केलर १८८० साली तिथे जन्मली. ब्लूज संगीत कागदावर उतरवून जगापुढे नेणारा डब्ल्यू. सी. हँडी १८७३ साली फ्लॉरेन्समध्ये जन्मला.

पहिल्या महायुद्धात स्फोटकांसाठी नायट्रेट हवे म्हणून सरकारने इथे कारखाने काढले, आणि त्यांना वीज मिळावी म्हणून १९१८ साली विल्सन धरणाचे काम सुरू केले. १९३३ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनी टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी स्थापन केली. आपल्याकडे १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले ते ह्याच नमुन्यावर. आणखी एक दुवा तर प्रत्येक शेतकऱ्याच्या घरातला आहे. आपण दुकानात जाऊन 'डीएपी'चे पोते मागतो. ते खत दाणेदार स्वरूपात तयार करण्याची पद्धत १९६०च्या सुमारास ज्या प्रयोगशाळेत विकसित झाली, ती ह्याच मसल शोल्सची.

धरणांनी वीज दिली, कारखाने दिले, नियमित पगार दिला. त्याचबरोबर खोऱ्यातील हजारो कुटुंबांच्या काळ्या कसदार जमिनी पाण्याखाली नेल्या. हिडकल किंवा नवीलतीर्थ धरणांखाली ज्यांची गावे गेली त्यांना हे अधिक सांगायला नको. ज्यांच्या बापजाद्यांचे शेत गेले त्यांचीच मुले कारखान्यात कामाला लागली, आणि त्यांच्यातल्या काहींनी संध्याकाळी गिटार हाती घेतली.

औषधाच्या दुकानावरची खोली

१९५९ साली फ्लॉरेन्समधील एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर काही तरुणांनी ध्वनिमुद्रणाची छोटी खोली थाटली. 'फेम' हे तिचे नाव. पुढे ती रिक हॉल ह्या हट्टी माणसाच्या हाती आली आणि मसल शोल्सला हलली. रिक हॉल गरिबीत वाढलेला, लाकडाच्या वखारीत राबणाऱ्या बापाचा मुलगा. त्याने आणि शेजारच्या स्टुडिओंनी साथीला घेतलेली मुले गावातलीच, आणि जवळजवळ सगळी गोरी. गायला येणारे मात्र बहुतेक कृष्णवर्णीय. पर्सी स्लेज हा जवळच्याच रुग्णालयात अर्दलीचे काम करी, रोग्यांना उचलणे-ठेवणे करी. १९६६ साली शेफील्डच्या एका छोट्या स्टुडिओत त्याने गायिलेले प्रेमगीत साऱ्या अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले.

ही गोष्ट कोणत्या राज्यात घडत होती हे ध्यानात घेतले पाहिजे. ११ जून १९६३ रोजी ह्याच अलाबामाचा गव्हर्नर जॉर्ज वॉलेस कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवण्यासाठी टस्कलूसाच्या विद्यापीठाच्या दारात स्वतः उभा राहिला होता. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला बर्मिंगहॅमच्या एका चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार कृष्णवर्णीय मुली मारल्या गेल्या. उपाहारगृहे आणि दुकाने सर्वांना खुली करणारा नागरी हक्कांचा कायदा १९६४ साली झाला. कायदा कागदावर एका दिवसात येतो. गावाच्या नजरेत यायला त्याला पिढ्या लागतात.

ह्या नजरेची एक गोष्ट त्या स्टुडिओतील जुने वादक सांगत. नोव्हेंबर १९६८. विल्सन पिकेट हा कृष्णवर्णीय गायक 'फेम'मध्ये गाण्यासाठी आला होता. साथीला ड्वेन ऑलमन नावाचा बावीस वर्षांचा गोरा गिटारवादक होता. केस खांद्यापर्यंत वाढलेले. दुपार झाली, बाकीचे वादक जेवायला गावात गेले. हे दोघे मागेच राहिले. काळा गायक आणि लांब केसांचा हिप्पी अशी जोडी गावातल्या खानावळीत शिरली असती तर माना वळल्या असत्या, कदाचित त्याहून अधिक काही झाले असते. त्या रिकाम्या वेळात ड्वेनने सुचवले, 'बीटल्सचे "हे जूड" आपण गाऊ या.' पिकेट आधी तयार नव्हता. शेवटी गायला. त्या गाण्याच्या शेवटी ड्वेनची गिटार जी पेटली, तिथेच सदर्न रॉकचा जन्म झाला, असे त्या साथीतील जिमी जॉन्सन पुढे सांगत असे.

वाचकहो, मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. हे संगीत ज्या तासात जन्मले तो जेवणाचा तास होता. आणि दोन माणसे एका टेबलाशी बसून निर्धास्तपणे जेवू शकत नव्हती म्हणून तो तास त्यांच्या हाती आला.

बंद दाराआड सगळे आलबेल होते असेही नाही. जानेवारी १९६७ मध्ये अरीथा फ्रँकलिन इथे आली. एक अजरामर गाणे मुद्रित झाले, दुसरे अर्धवट राहिले. दारूच्या भरात तिच्या नवऱ्याची आणि रिक हॉलची बाचाबाची झाली आणि ती मंडळी निघून गेली. उरलेले काम वादकांना न्यूयॉर्कला बोलावून पुरे करावे लागले. सूर जुळतात म्हणून माणसे जुळतातच असे नाही. १९६९ साली बॅरी बेकेट, रॉजर हॉकिन्स, डेव्हिड हूड आणि जिमी जॉन्सन ह्या चौघा वादकांनी 'फेम' सोडून शेफील्डच्या जॅक्सन हायवेवर ३६१४ क्रमांकाच्या बसक्या इमारतीत स्वतःचा स्टुडिओ काढला. 'स्वँपर्स' म्हणजे दलदलीतले गडी हे त्यांचे टोपणनाव. त्या वर्षीच्या डिसेंबरात रोलिंग स्टोन्स ही इंग्लंडची जगप्रसिद्ध मंडळी तीन दिवस तिथे येऊन ध्वनिमुद्रण करून गेली.

मेकनची खानावळ

ड्वेन ऑलमन शेफील्डच्या परिसरात फार दिवस रमला नाही. त्याचे वडील सैन्यात होते. १९४९ साली त्यांनी ज्याला आपल्या गाडीत घेतले त्याच माणसाने त्यांचा खून केला. आईने नोकरी करून दोन मुले वाढवली. ड्वेनने मार्च १९६९ मध्ये जॅक्सनव्हिल येथे सहा जणांचा संच जमवला आणि त्या वसंतातच तो जॉर्जिया राज्यातील मेकन ह्या गावी हलवला. धाकटा भाऊ ग्रेग गायक, आणि दोन ड्रमवादकांपैकी एक जेमो हा कृष्णवर्णीय. जेमोने पूर्वी मेकनच्याच ओटिस रेडिंगची साथ केली होती. रेडिंग १० डिसेंबर १९६७ रोजी विमान अपघातात गेला. त्याचा व्यवस्थापक फिल वॉल्डन हा गोरा तरुण. त्याने ह्या नव्या मंडळींना आश्रय दिला आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका 'कॅप्रिकॉर्न' ह्या नावाखाली काढल्या.

मेकन हे सूतगिरण्यांचे आणि चर्चचे गाव. काळा-गोरा एकत्र राहणारा, केस वाढवलेला हा कळप लोकांच्या डोळ्यांत सलला नसता तरच नवल. खिशात पैसे नसत. गावात इनेझ हिल आणि लुईस हडसन ह्या दोन कृष्णवर्णीय स्त्रियांची 'एच अँड एच' नावाची खानावळ होती, १९५९ पासूनची. तळलेली कोंबडी, पालेभाजी, मक्याचा पाव असा घरचा स्वयंपाक. एके दिवशी ही मुले आली. पैसे दोन ताटांचे, खाणारी तोंडे अधिक. दोनच ताटे सर्वांत वाटून खाण्याचा त्यांचा बेत होता. लुईसबाईंनी प्रत्येकापुढे भरलेले ताट ठेवले आणि पैशांचे नंतर पाहू म्हणाल्या. पुढे अनेक दिवस तशी उधारी चालली. कीर्ती मिळाल्यावर मुलांनी ते ऋण विसरले नाही. आजन्म त्या त्यांच्या 'मामा लुईस' राहिल्या.

पाचच वर्षांपूर्वीपर्यंत त्याच दक्षिणेत असंख्य उपाहारगृहांच्या दारांवर 'फक्त गोऱ्यांसाठी' अशा पाट्या होत्या. ज्या स्त्रियांच्या जातभाईंना त्या पाट्यांनी बाहेर ठेवले, त्यांनीच उपाशी गोऱ्या पोरांना आत घेतले. सदर्न रॉकचा इतिहास लिहिताना रणगीतांच्या आधी ह्या ताटाचा उल्लेख व्हावा.

ड्वेनच्या वादनाविषयी आपल्याकडील श्रोत्याला रस वाटावा असे काही आहे. सर्दीच्या गोळ्यांची रिकामी काचेची बाटली बोटात घालून तो ती तारांवरून सरकवी. त्यामुळे सुटे सुटे स्वर न येता मींड निघे. पुढे १९९९ साली ह्याच संचात आलेला डेरेक ट्रक्स, म्हणजे मूळच्या ड्रमवादकाचा पुतण्या, उस्ताद अली अकबर खाँ ह्यांनी कॅलिफोर्नियात काढलेल्या विद्यालयात शिकला. त्याची गिटार ऐकताना सरोदाची आठवण होते ती उगाच नव्हे.

गावात करमणूक नाही म्हणून ही मुले नदीवरच्या रोझ हिल दफनभूमीत जाऊन बसत. तिथल्या एका शिळेवरचे स्त्रीचे नाव त्यांच्या एका रचनेला मिळाले आहे. २९ ऑक्टोबर १९७१ रोजी मेकनच्याच रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात ड्वेन गेला. वय २४. वर्षभराने, ११ नोव्हेंबर १९७२ रोजी, त्या जागेपासून जवळच बेस गिटारवादक बेरी ओकली तसाच गेला. वय तेच. दोघे रोझ हिलमध्येच शेजारी विसावले आहेत. १९७५ साली ह्याच संचाने जिमी कार्टर ह्या भुईमूग पिकवणाऱ्या जॉर्जियाच्या उमेदवाराच्या निवडणूक निधीसाठी कार्यक्रम केला, आणि १९७६ साली तो राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला. पण १९७९ साली 'कॅप्रिकॉर्न' दिवाळखोरीत गेली. त्या जागेत २०१९ साली मर्सर विद्यापीठाने पुन्हा स्टुडिओ सुरू केला आहे.

अभिमानाचे गाणे

आता भाच्याने ऐकवलेल्या गाण्याकडे येऊ. ते गाणारा संच 'लिनर्ड स्किनर्ड' हा फ्लोरिडातील जॅक्सनव्हिलच्या पश्चिमेकडील कामगार वस्तीतला. मुख्य गायक रॉनी व्हॅन झँट हा ट्रकचालकाचा मुलगा. संचातील काही मुले ज्या शाळेत होती तिथे लेनर्ड स्किनर नावाचे शिस्तीचे शारीरिक शिक्षण शिक्षक केस वाढवले म्हणून त्यांना मुख्याध्यापकांकडे पाठवीत. मुलांनी सूड म्हणून संचाला त्यांचेच नाव थोडे मोडून दिले! पुढे गुरुशिष्यांचा समेटही झाला. त्या शाळेला गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या फौजेचा सेनापती रॉबर्ट ई. ली ह्याचे नाव होते. ते २०२१ साली बदलण्यात आले.

नील यंग ह्या कॅनडाच्या गायकाने १९७० आणि १९७२ साली दक्षिणेच्या वंशद्वेषावर दोन जळजळीत गाणी केली. त्यांना उत्तर म्हणून १९७४ साली 'स्वीट होम अलाबामा' आले. बाहेरच्याने सगळ्यांना एका मापाने मोजू नये, ही त्यामागची भावना. ही भावना खोटी नव्हती. खुद्द यंगने २०१२ साली आपल्या आत्मकथनात लिहिले की, त्या टोल्याला आपले गाणे पात्र होते. व्हॅन झँट तर यंगचे नाव असलेला सदरा घालून रंगमंचावर येई. गाण्यात शेफील्डच्या 'स्वँपर्स'ना कृतज्ञतेचा नमस्कार आहे, कारण ह्या संचाचे सुरुवातीचे ध्वनिमुद्रण त्यांच्याच स्टुडिओत झाले होते.

पण ध्वनिमुद्रिकेची कंपनी आणि प्रेक्षक ह्यांना अभिमानाचा झेंडा हवा होता. रंगमंचामागे बंडखोर दक्षिणेचा प्रचंड ध्वज झळकू लागला आणि गाण्यातली वळणे त्याच्या मागे झाकली गेली. गाण्यात गव्हर्नर वॉलेसचा जो मोघम उल्लेख आहे तो निषेध की भलावण, हा वाद आजही चालतो. ज्यांनी ध्वज फडकावला त्यांना बहुधा ठाऊक नसावे की, त्या गाण्यात मागून साथ देणारे स्त्रियांचे आवाज मेरी क्लेटन आणि क्लायडी किंग ह्या दोन कृष्णवर्णीय गायिकांचे आहेत. पुन्हा तेच. सूर एकत्र.

२० ऑक्टोबर १९७७ रोजी इंधन संपून त्यांचे भाड्याचे जुने विमान मिसिसिपीच्या रानात कोसळले. व्हॅन झँटसह सहा जण गेले. नवी तबकडी बाजारात येऊन तीनच दिवस झाले होते. मृताला खुलासा करता येत नाही. मग ध्वज उरतो.

बापाने वाजवले, मुलाने सांगितले

'स्वँपर्स'पैकी बेस गिटारवादक डेव्हिड हूडचा मुलगा पॅटरसन हूड १९६४ साली जन्मला. बाप जगप्रसिद्ध गायकांची साथ करी, आणि मुलगा मोठा होत असताना गाव बसत चालले होते. १९८२ साली तिथला फोर्ड मोटार कंपनीचा अ‍ॅल्युमिनियम ओतकामाचा कारखाना बंद पडला. शेकडो घरांची चूल त्या पगारावर होती. १९८५ साली 'स्वँपर्स'नी आपला स्टुडिओही विकला.

पॅटरसनने माइक कूली ह्या मित्राबरोबर 'ड्राइव्ह-बाय ट्रकर्स' हा संच काढला आणि २००१ साली 'सदर्न रॉक ऑपेरा' ही दोन तबकड्यांची मालिका आणली. बर्मिंगहॅममध्ये गणवेशांच्या दुकानाच्या माडीवर, ऐन उन्हाळ्यात ती मुद्रित झाली. तिच्यात त्या विमान अपघाताची कथा आहे, व्हॅन झँटवरील प्रेम आहे, आणि वॉलेसचा हिशेबही आहे. आपल्या मातीवर प्रेम करायचे आणि तिची लाजही लपवायची नाही, ही दुहेरी ओढ हा त्या साऱ्या गाण्यांचा विषय. २००४ सालच्या एका मालिकेत तर कारखाना बंद पडल्यावर नशेचे पदार्थ विकू लागलेला एक माणूस आहे. त्याच्या बायकोला कर्करोग आहे, विमा नाही. आणि जवळच्याच हंट्सव्हिलमध्ये माणूस चंद्रावर पाठवणारी यंत्रे बनतात. माझा भाचा त्याच हंट्सव्हिलमध्ये राहतो. मी त्याला हे गाणे ऐकवले तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. म्हणाला, "मामा, तो रस्ता माझ्या रोजचा आहे. ती गावं मी गाडीतून पाहिली होती, एवढंच."

त्याला बोल लावण्याचा मला अधिकार नाही. माझ्या लहानपणी आमच्या घरी पहाटे आजी जात्यावर बसे. समोर दळणाला मदत करणारी एक बाई येई. आजी मराठीत ओवी म्हणे, ती कानडीत पद म्हणे. खुंटा दोघींच्या हाती, ठेका एकच. पुढे पुढे आजीला तिची कानडी पदे पाठ झाली आणि तिला आजीच्या ओव्या. दोन भाषांचा हा गोडवा मी आजवर अनेक व्यासपीठांवरून सांगितला, टाळ्याही घेतल्या. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. दळण झाले की आजी त्या बाईला भाकरी देई ती अंगणात, वरून, हाताला हात न लागेल अशी. ती पाणी पिई ते ओंजळीने. एवढ्या वर्षांत त्या दोघी एका पंक्तीला बसलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत, आणि मलाही त्यात काही वावगे दिसले नाही.

ह्या दिवाळीला भाचा पुन्हा येणार आहे. फराळाला बसल्यावर त्याला आजीच्या ओव्या ऐकायच्या असतात. ह्या वेळी ओव्यांबरोबर त्याला अंगणही दाखवीन म्हणतो.